काच भिंतीला कशी चिकटून राहते?

नागपुरात वर्धा रोडवरून मिहानकडे जाताना दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती दिसू लागतात. दवाखाने, शोरूम, कार्यालये, आणि आता काही शाळासुद्धा. खालपासून वरपर्यंत निळी किंवा हिरवट काच, मध्ये फक्त बोटभर रुंदीच्या काळ्या रेघा. चौकट नाही, पट्टी नाही, स्क्रू नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, "सर, या काचा पडत कशा नाहीत?" तर काय सांगायचे? उत्तर एका शब्दात देता येते: चिकटवलेल्या आहेत. पण हा शब्द ऐकल्यावर मुलांचे समाधान होत नाही आणि होऊही नये. ज्या गावात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांपर्यंत चढला होता, तिथे पाचव्या मजल्यावर शंभर किलोच्या आसपास वजनाची काच डिंकाच्या भरवशावर कशी सोडायची?

तसे पाहिले तर चिकटवलेली काच आपण रोज पाहतो. घरातली मासे ठेवायची पेटी घ्या. काचेच्या पाच तुकड्यांची ती टाकी कोपऱ्यांवर नुसती चिकटवलेली असते आणि आतले पाणी वर्षानुवर्षे तिला बाहेर ढकलत असते. दुसरे उदाहरण मोटारीच्या पुढच्या काचेचे. जुन्या एस.टी. गाड्यांत ही काच रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेली असे. नव्या मोटारीत ती सरळ पत्र्याला चिकटवतात. त्या काचेच्या कडेने एक काळा पट्टा आणि त्याच्या आत काळ्या ठिपक्यांची नक्षी असते. मुलांना ती जरूर दाखवावी. ती शोभेसाठी नाही. का आहे, ते पुढे येईल.

इमारतीच्या बाबतीत चारही बाजूंनी फक्त चिकटद्रव्यावर काच धरण्याचे पहिले काम १९७१ साली अमेरिकेत डेट्रॉइट शहरात झाले. वास्तुरचनाकारांच्या एका कंपनीने आपल्याच कार्यालयाच्या इमारतीवर तो प्रयोग केला. आपल्याकडे त्याला 'स्ट्रक्चरल ग्लेझिंग' म्हणतात. फॅब्रिकेटर मंडळी नुसते 'ग्लेझिंग' म्हणतात आणि त्या एका शब्दात चांगले-वाईट सगळेच खपून जाते, हा भाग निराळा.

काचेचा भाऊबंद

या कामात वापरतात ते चिकटद्रव्य म्हणजे सिलिकोन रबर. इथे नावांचा घोळ होतो. सिलिकॉन हे मूलद्रव्य, वाळूत आणि काचेत असणारे. सिलिकोन हे त्यापासून माणसाने बनवलेले बहुवारिक. बाजारात दोन्हींना 'सिलिकॉन' म्हणतात. आम्ही या लेखात फरक पाळला आहे, वर्गातही पाळावा.

साध्या रबराच्या रेणूचा कणा कार्बनला कार्बन जोडून झालेला असतो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन-ऑक्सिजन असा लांबत जातो आणि प्रत्येक सिलिकॉनला बाजूने दोन सेंद्रिय गट, बहुधा मिथिल, लटकलेले असतात. 'सिलिकोन' हे नाव देणारे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी नॉटिंगहॅम येथे आयुष्यभर या संयुगांवर काम केले. प्रयोगात वारंवार तयार होणारे चिकट, गोंदासारखे पदार्थ त्यांना अडचणीचेच वाटत. पुढे १९४० च्या सुमारास यूजीन रोचो यांनी अमेरिकेत सिलिकोनचा कच्चा माल स्वस्तात बनवण्याची रीत काढली आणि त्या चिकट पदार्थांना मागणी आली.

आता काचेच्या पृष्ठभागाकडे पाहू. काच म्हणजेही सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे जाळे. पृष्ठभागावर हे जाळे तुटलेले असते आणि तिथे हवेतल्या बाष्पामुळे हायड्रॉक्सिल गट बसलेले असतात. सिलिकोनच्या रेणूंची क्रियाशील टोके या गटांशी अभिक्रिया करतात आणि पुन्हा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असाच दुवा तयार होतो. म्हणजे काच आणि सिलिकोन यांच्यातला सांधा नुसता डिंक वाळून बसल्यासारखा नसतो. एका जातीचे बंध सीमेच्या अलीकडून पलीकडे सलग जातात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो आणि त्यावरही हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणून तिथेही सांधा जमतो. पण काचेइतका सहज नाही. धातूवरचा रंग किंवा ॲनोडायझिंग बदलले की चाचणी नव्याने घ्यावी लागते.

दुसरा मुद्दा उन्हाचा. चिकटवलेल्या काचेत ऊन नेमके सांध्यावर पोचते, कारण काच पारदर्शक आहे. अतिनील किरणांतला ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग काचेतून थोडाफार आत येतो. त्याच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा काढा: १,१९,६०० ला ३२० ने भागले की सुमारे ३७४ किलोज्यूल येतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३४७ किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला सुमारे ४५२. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित आवडते. मात्र ते अर्धेच आहे, हेही सांगावे. ऊर्जा पुरेशी असून भागत नाही, ती आधी शोषली जावी लागते. सिलिकोन सूर्यप्रकाशातले अतिनील किरण जवळजवळ शोषतच नाही, हे त्याच्या टिकाऊपणाचे तितकेच मोठे कारण आहे. मोटारीची काच चिकटवतात ती पॉलियुरेथेनने. ते मजबूत असते, पण उन्हाने खराब होते. म्हणून त्याच्यावर सावली धरायला काचेच्या कडेला तो काळा पट्टा भाजून बसवलेला असतो.

नागपूरचा वारा आणि साडेसात मिलिमीटर

काच पडण्याची भीती आपल्याला तिच्या वजनामुळे वाटते. पण खरे मोठे बल वजनाचे नसून वाऱ्याचे असते, आणि तेही आत ढकलणारे नव्हे, बाहेर ओढणारे. वारा इमारतीच्या कोपऱ्यावरून वळताना भिंतीपासून सुटतो. तिथे दाब उतरतो आणि आतली हवा काचेला बाहेर ढकलते. मे महिन्यातल्या वादळात टिनाची छपरे उडतात तीही अशीच, वर उचलली जाऊन.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. मुंबईसाठीही हाच आकडा आहे. समुद्र नाही म्हणून आपल्याकडे वारा कमी, ही समजूत इथे कामाची नाही. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणले की दाब मिळतो: ०.६ × ४४ × ४४ = सुमारे ११६० पास्कल. कोपऱ्यावरची ओढ त्याच्या दीडपट समजू, म्हणजे साधारण १७५० पास्कल. उंची, आजूबाजूची घरे वगैरे गुणक आपण सोडून देतो, अभियंत्याला सोडता येत नाहीत.

आता १.२ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच काच घ्या. क्षेत्रफळ २.८८ चौरस मीटर. बल सुमारे ५०४० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाहून थोडे जास्त वजन काचेला बाहेर खेचत आहे. हे बल चारी कडांच्या सांध्यांत वाटले जाते, पण सारखे नाही. चारही कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या रेघा काढल्या की काचेचे दोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन होतात. प्रत्येक कड आपापल्या भागाचा भार घेते. घराच्या स्लॅबचा भार तुळयांवर असाच वाटतात. लांब कडेच्या मध्यावर प्रत्येक मीटर लांबीला अर्ध्या रुंदीचा, म्हणजे ०.६ मीटर पट्ट्याचा भार येतो: ०.६ × १७५० = १०५० न्यूटन.

हा भार पेलायला चिकटद्रव्याची पट्टी किती रुंद हवी? गणनेत सिलिकोनवर दर चौरस मीटरला सुमारे १,४०,००० न्यूटनपेक्षा जास्त ताण येऊ देत नाहीत. १०५० भागिले १,४०,००० = ०.००७५ मीटर. साडेसात मिलिमीटर! करंगळीच्या नखाएवढी पट्टी नागपूरचे वादळ धरून ठेवते. विद्यार्थ्यांचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून हे गणित त्यांच्याच हातून करून घ्यावे. शिवाय प्रत्यक्षात सिलिकोन तुटायला याच्या कितीतरी जास्त ताण लागतो. प्रमाणित मालाची किमान ताकद गणनेतल्या आकड्याच्या अडीचपट असावी अशी अट असते.

मग वजनाचे काय? दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो हा काचेचा हिशेब. सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचांचे दुहेरी तावदान असेल तर चौरस मीटरला ३० किलो, आणि आपल्या काचेचे सुमारे ८६ किलो. वाऱ्याचे ५१४ किलो पेलणाऱ्याला हे काहीच नाही, असे वाटेल. पण कायमच्या वजनासाठी धरायचा ताण एकदम उतरतो, तो सुमारे ७००० पास्कल म्हणजे वाऱ्यासाठीच्या विसाव्या भागावर! सांध्याची एकूण लांबी ७.२ मीटर, रुंदी साडेसात मिलिमीटर, क्षेत्रफळ ०.०५४ चौरस मीटर. गुणिले ७००० म्हणजे ३७८ न्यूटन, जेमतेम ३८ किलो. काच आहे ८६ किलोची. म्हणून काचेच्या खालच्या कडेला, बाहेरून न दिसणारे, धातूचे दोन छोटे आधार द्यावेच लागतात. वादळ काही मिनिटांचे असते, वजन चोवीस तासांचे. रबरासारखा पदार्थ सततच्या भाराखाली हळूहळू लांबत जातो. वर्गात खिळ्याला रबरबँड टांगून त्याला वजन अडकवावे, मागे कागदावर खूण करावी आणि आठवडाभर रोज पाहावे. खूण सरकताना दिसते.

मऊ असणे हीच ताकद

चिकटद्रव्य जितके कडक तितके चांगले, हा समज सहज होतो. बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरची हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. १९७३ च्या आगेमागे, इमारत पूर्ण होण्याआधीच, तिच्या काचा फुटून खाली पडू लागल्या. रिकाम्या जागी प्लायवूड ठोकावे लागले. दोष निघाला तो दुहेरी तावदानाच्या कडेच्या सांध्यात. तो शिशाच्या डागाचा होता आणि फार ताठ होता. वाऱ्याची थरथर आणि तापमानाचे चढउतार स्वतः न सोसता तो ते सरळ काचेला देत होता. पुढे तिथल्या सगळ्या, म्हणजे १०,३४४ काचा बदलण्यात आल्या.

नागपुरात हा मुद्दा अधिकच लागू आहे. उन्हात ॲल्युमिनियमची चौकट ६५ अंशांपर्यंत तापली आणि हिवाळ्याच्या पहाटे ५ अंशांवर आली, तर फरक ६० अंशांचा. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रोमीटर वाढते, काच ९. २.४ मीटर उंचीत चौकट ३.३ मिलिमीटर वाढेल आणि काच १.३. खालची कड आधारावर टेकलेली असल्याने हा २ मिलिमीटरचा सारा फरक वरच्या कडेला जमतो. चिकटद्रव्याचा थर १ मिलिमीटर जाड असेल तर पायथागोरसच्या प्रमेयाने त्याची तिरकी लांबी १ + ४ चे वर्गमूळ म्हणजे २.२४ मिलिमीटर होईल, दुपटीहून अधिक ताण! थर ६ मिलिमीटर असेल तर ३६ + ४ चे वर्गमूळ ६.३२, म्हणजे ५ टक्क्यांच्या थोडे वर. सिलिकोनला हे सहज झेपते. म्हणून पट्टीची रुंदी वारा ठरवतो आणि जाडी ऊन ठरवते. सहा मिलिमीटर जाडी राखण्यासाठी काच आणि चौकट यांच्यामध्ये फोमची पट्टी लावतात. ही पट्टी काच धरण्यासाठी नसते. काही स्वस्त कामांत मात्र तीच काच धरत असते, कारण सिलिकोन भरायला तिच्याजवळ जागाच सोडलेली नसते.

पंक्चर काढणाऱ्याचा धडा

सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना पाहिले असेल. ट्यूब पुसायची, कानस किंवा पॉलिशपेपरने घासायची, सोल्युशन लावायचे, थोडे सुकू द्यायचे, मग ठिगळ दाबायचे. यातली घासणे-पुसणे ही पायरी गाळली की ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटते. काचेच्या सांध्याचेही तेच. एका स्वच्छ फडक्याने द्रावक लावायचा आणि तो उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचे. एकच फडके वापरले तर तेलाचा थर निघत नाही, नुसता पसरतो. म्हणून हे काम कारखान्यात, धुळीपासून दूर व्हावे आणि तयार तावदान इमारतीवर फक्त अडकवावे, अशी चांगली पद्धत आहे. जुन्या इमारतीला नवा 'लुक' देताना मात्र झोपाळ्यावर लोंबकळत, भर उन्हात, तापलेल्या धातूवर नळीतून सिलिकोन भरताना आम्ही पाहिले आहे. तिथे वरचे सारे गणित निरुपयोगी होते.

नळीतले एकघटकी सिलिकोन हवेतले बाष्प घेऊन पक्के होते. सिमेंटला आपण पाणी मारतो तसे हे हवेतून पाणी पिते. आधी वर साय धरते, मग पक्केपणा आत सरकतो, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर आणि पुढे आणखी सावकाश. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी, तेव्हा सांधा वरून घट्ट आणि आतून कच्चा राहण्याचा धोका मुंबईपेक्षा अधिक. कारखान्यात म्हणूनच दोन घटक मिसळून वापरायचे सिलिकोन घेतात, ते आतबाहेर सारखेच पक्के होते.

हे शाळेत करून पाहता येते. हार्डवेअरच्या दुकानातून साधे, मासेपेटीसाठी चालणारे सिलिकोन आणावे. खिडक्या उघड्या ठेवून एका काचपट्टीवर त्याची जाड रेघ ओढावी आणि वर ओला निळा लिटमस कागद धरावा. कागद लाल होतो आणि व्हिनेगरचा वास येतो, कारण पक्के होताना हे सिलिकोन ॲसिटिक आम्ल सोडते. (हेच आम्ल धातूला खाते, म्हणून इमारतीसाठी आम्ल न सोडणारा निराळा प्रकार वापरतात.) मग दोन सारख्या रेघा घ्याव्या. एक कॅल्शियम क्लोराइड ठेवलेल्या बरणीत, दुसरी ओला कापूस ठेवलेल्या बरणीत. चोवीस तासांनी ब्लेडने आडव्या कापून साय मोजावी. शेवटी एक काचपट्टी साबणाने धुऊन नीट कोरडी केलेली आणि दुसरी खोबरेल तेलाचे बोट फिरवलेली, अशा दोहोंवर रेघा ओढून आठवड्याने ओढून काढाव्या. स्वच्छ काचेवर सिलिकोन स्वतः फाटते, पण काच सोडत नाही. तेलकट काचेवरून ते सालीसारखे अख्खे निघते. कामाच्या जागी अभियंते हीच चाचणी घेतात. फाटले तर काम पास, सोलून निघाले तर नापास.

आता चिकटणे जमले म्हणून काचेची इमारत आपल्या गावाला शोभते का, हा वेगळा प्रश्न आहे. नागपूर उच्च न्यायालयाच्या १९४० सालच्या इमारतीत दगडी भिंती आणि खोल व्हरांडे आहेत. ऊन खोलीपर्यंत पोचतच नाही. काचेच्या भिंतीत मे महिन्यातल्या दुपारी, समजा पश्चिमेकडच्या दर चौरस मीटरवर ६०० वॅट ऊन पडले. साध्या काचेतून त्यातले सुमारे ८० टक्के आत येते. दहा चौरस मीटरच्या काचेतून ४८०० वॅट. एक टनाचा एसी सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे १.४ टन निव्वळ त्या एका काचेपायी. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने आपल्या हवामानात उत्तर सोडून इतर बाजूंसाठी ही टक्केवारी २७ च्या वर नसावी आणि भिंतीत काच ४० टक्क्यांच्या पुढे नसावी, अशी सोपी वाट सांगितली आहे. लेप दिलेल्या काचेने पहिला आकडा गाठता येतो. दुसरा आकडा रस्त्यावरून जाताना डोळ्यांनी मोजून पाहावा.

आणि कूलर? वाळ्याच्या ताटीची थंड हवा उपयोगी पडायची तर आतली दमट हवा खिडकीतून बाहेर जावी लागते. चिकटवलेली काच उघडत नाही. नागपूरचे हे स्वस्त आणि हवामानाला साजेसे साधन अशा इमारतीत बाद होते. वीज गेली की खोली बंद पेटी होते.

उघडत नाही, याचा आणखी गंभीर अर्थ आगीत कळतो. १८ जुलै २०१४ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या काचेने मढवलेल्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांवर आग लागली आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला. अशा इमारतीत धूर बाहेर पडत नाही आणि शिडीवरच्या जवानाला आत शिरायला वाट नसते. शिवाय काचेचा पडदा आणि मजल्याचा स्लॅब यांच्यामध्ये फट असते. ती आगरोधक सामानाने भरली नसेल तर ती धुराड्यासारखी काम करते आणि आग वरच्या मजल्यावर चढते. सिलिकोन स्वतः सहज पेटत नसले तरी दोन-अडीचशे अंशांच्या पुढे त्याची पकड जाऊ लागते. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने ही फट बंद करणे आणि दर्शनी काचेत उघडता येणारी तावदाने ठेवणे यांवर भर दिला आहे.

ज्यांच्या शाळेला काचेची दर्शनी बाजू आहे त्यांनी या चार-पाच गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक मजल्यावर उघडणारी तावदाने कोणती, ती खरोखर उघडतात का, की समोर कपाट लावले आहे? काळ्या रेघेत कुठे भेग आहे का, कड सुटून पावसाचे पाणी आत येते का? काचेखालचे धातूचे आधार आहेत का? प्रवेशदारावरची काच दोन थरांत प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली आहे का? नुसती कडक केलेली काच फुटली की तिचे बारीक तुकडे होतात हे खरे, पण तिसऱ्या मजल्यावरून ते एकमेकांना धरून गठ्ठ्यानेही खाली येऊ शकतात. पापुद्र्याची काच तडकली तरी जागेवर राहते. आणि काचा बसवणाऱ्याकडे सांधा ओढून पाहिल्याची नोंद मागावी. ती नसेल, तर एखाद्या कोपऱ्यातली एक काच उतरवून सिलिकोन फाटते की सोलून निघते, हे जाणकार अभियंत्याकडून तपासून घेता येते. काम फार तर एका सुट्टीच्या दिवसाचे आहे.